खडूची रेघ

स्वतःचं घर बांधणाऱ्या माणसाला एकदा भेटून बघा. तो पाणी विचारायच्या आधी दिवाणखान्याची खिडकी सांगायला लागतो! आमचे भाऊही त्यातलेच. सागवानी चौकट, तीन झडपा, खाली बसायला रुंद फळी. रस्त्याने जाणाऱ्याची मान वळलीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. मागच्या खोलीला मात्र छताजवळ वीतभर झरोका ठेवला होता, कारण बाकीच्या भिंतीला कपाटं लावायची होती. ती खोली आत्याची.

या आत्यानेच भाऊंना लहानाचं मोठं केलं होतं. कमरेचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती. भाड्याच्या घरात तिची खाट खिडकीशी होती, आणि गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांशी तिच्या दिवसभर गप्पा चालत. "नव्या घरात मला काय दिसेल रे?" असं तिने विचारलं, तेव्हा भाऊ हसून म्हणाले होते, "तू बघच!"

चौकटी बसवायच्या दिवशी दुपारी सुतारकाका आले. त्यांची एक खोड होती. ज्याची खोली, त्याला तिथे उभं करायचं, बसवायचं, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारायची आणि मगच चौकटीला हात लावायचा. गवंडी माल कालवून ताटकळला तरी काका ऐकत नसत.

मागच्या खोलीत येऊन त्यांनी विचारलं, "इथे कोण राहणार?"

"आत्या. पण तिला उठता येत नाही. तुम्ही आपला झरोका बसवून टाका."

"मग त्यांच्या जागी तुम्ही आडवे व्हा."

"मी? अहो, नवी पँट आहे!"

"पँट झटकता येते, भाऊ. सिमेंट सुकलं की चौकट हलत नाही."

नाइलाजाने भाऊ रिकाम्या गोणपाटांवर आडवे झाले. झरोक्याच्या जागेतून उन्हाचा तळहाताएवढा तुकडा समोरच्या भिंतीवर पडला होता. तो हळूहळू सरकत होता. मागच्या गल्लीत कोणी बादली भरत होतं, सायकलची घंटी वाजली. भाऊंचे डोळे जड झाले. कोणीतरी खळखळून हसलं. कोण बरं? त्यांनी मान वळवली, तर भिंत. उन्हाचा तुकडा विझला, पुन्हा आला, पुन्हा विझला. किती दिवस गेले कोण जाणे! मग त्या गुंगीतच जुनी खिडकी दिसली, आणि खिडकीत आत्या. "बाळ्या, कॉलर नीट कर!" शाळेत जाताना ती रोज ओरडायची, आणि कोपऱ्यावरून वळून पाहिलं तरी तिथेच असायची.

भाऊ दचकून उठून बसले. "काका, किती वेळ झाला?"

"दहा मिनिटं."

"मला वाटलं, वर्ष गेलं!"

"आत्यांची प्रत्येक दहा मिनिटं अशीच जातील," काका शांतपणे म्हणाले. "आपण घराची सगळी मापं उभ्या माणसाची घेतो, भाऊ. तासभर बसून जाणाऱ्या पाहुण्याला एवढी मोठी खिडकी, आणि जन्मभर आपल्यासाठी खपलेल्या माणसाला झरोका?"

भाऊंना आपलीच लाज वाटली. डोळे पुसत ते म्हणाले, "ती सागवानी चौकट इकडे आणा! इथेच बसवा, खाटेच्या उंचीला!"

"आणि रस्त्यावरच्या माना?"

"त्या सरळच बऱ्या!"

गवंडी कुरकुरत छिन्नी घेऊन आला. काकांनी भाऊंना पुन्हा आडवं केलं, त्यात खाटेची उंची मिळवली आणि जमिनीपासून जेमतेम दोन हातांवर खडूची रेघ मारली.

नव्या घरातली पहिली सकाळ. भाऊ मागच्या गल्लीतून कामाला निघाले होते. मागून आवाज आला, "बाळ्या, कॉलर!" पन्नाशीच्या भाऊंनी भर गल्लीत थांबून कॉलर नीट केली. कोपऱ्यावर त्यांनी वळून पाहिलं. आत्या खिडकीत होती, आणि बादली घेऊन चाललेल्या बाईला तिचं नाव विचारत होती.

मंडळी, घर बांधाल तेव्हा त्यात सगळ्यात जास्त वेळ जो असणार आहे, त्याच्या जागी घटकाभर पडून बघा. त्याला काय दिसतं ते बघा, आणि मगच खिडक्या ठरवा. पँट मळेल. मळू द्या, ती झटकता येते.