उचकीचा मेमो

नववीच्या तासाला भक्ती मॅडमना उचकी लागली, ती अठरा दिवस थांबली नाही. साखर खाऊन झाली, श्वास कोंडून झाला. पोटात अन्न ठरेना. म्हसळ्यातल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. तशातच शाळेची तपासणी आली, आणि साहेब वर्गात बसलेले असताना तिची उचकी काही आवरेना.

"आजच बरा मुहूर्त सापडला तुम्हाला!" हेडसर दिनानाथ सगळ्या स्टाफसमोर म्हणाले. "ही नाटकं मी ओळखून आहे, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मेमो हातात पडला. वर्गात हेतुपुरस्सर व्यत्यय आणल्याबद्दल. भक्तीला बोलायचं होतं, पण वाक्य पुरं होईना. तिने सही केली.

आठवड्याने सकाळी डाव्या डोळ्यापुढे राखाडी पडदा आला. बुबुळ हलवलं की कळ येई. नवरा रत्नपाल तिला घेऊन तडक मुंबईला निघाला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पुढे ठेवला. "मेंदूत ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या मज्जापेशींना जपतात, इजा झाली की प्रतिकारशक्तीला हाकही मारतात. तुमच्या शरीराने त्यांनाच शत्रू ठरवलंय."

"आणि उचकी?"

"त्यानेच. मेंदूच्या तळाशी उलटी-उचकीचं केंद्र असतं, पहिला घाव तिथे बसला. तेव्हाच कळलं असतं, तर डोळा कदाचित वाचला असता."

स्टिरॉइड झाले, रक्तातला द्रव बदलून झाला. उचकी गेली. डाव्या डोळ्याला मात्र समोर हललेला हात तेवढा कळे. पुन्हा झटका येऊ नये म्हणून औषध कायमचं.

दोन महिन्यांनी तिने रिपोर्ट हेडसरांच्या टेबलावर ठेवला. "मेमो मागे घ्या, सर."

त्यांनी पानं चाळली. "असल्या आजाराचं नाव बापजन्मात ऐकलं नाही. इंटरनेटवरून काय वाट्टेल ते छापून आणतात लोक."

भक्तीने वर तक्रार केली. महिन्याभराने मेमो रद्द झाल्याचं एका ओळीचं पत्र आलं. हेडसरांनी ते स्टाफरूममध्ये तिच्यापुढे टाकलं.

"झालं मनासारखं? आता सोडा राग."

"नाही सोडणार. मला खोटारडी सगळ्यांसमोर ठरवलंत, माफीही सगळ्यांसमोर मागा."

शेजारच्या पूनम मॅडमनी तिचा पदर ओढला. भक्तीने तो सोडवून घेतला.

"एवढ्याशा उचकीचं केवढं हो!" म्हणत हेडसर हसले आणि चहा घेऊन बसले. माफी त्यांनी मागितली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये भक्तीने आपली खुर्ची उचलून टेबलाच्या पलीकडे नेली. आता हेडसर तिच्या डाव्या अंगाला येत होते. ते बोलत राहिले. तिने मान वळवली नाही. तेव्हापासून तिच्याशी काम पडलं की ते चिठ्ठी लिहून पाठवतात.