केसाएवढी भेग

"मी सही नाही करणार," असं म्हणून कुंदाने रजिस्टर मालकांकडे परत सरकवलं.

मोरिवलीच्या त्या रबर कारखान्यात ती सोळा वर्षं माल तपासत होती. स्कूटरची बुशं, पंपांचे वायसर यांत उमेद गेली. मग सत्त्याण्णव साली रॉकेटच्या सांध्यात बसणाऱ्या रिंगांचं काम आलं. परदेशी कंपनीचा उपग्रह भाडं भरून वर जायचा होता, तारीख ठरली होती. गार करून ताणल्या की शंभरातल्या चार रिंगांवर भिंगाखाली केसाएवढी भेग दिसे. सांध्यातून पेटता वायू निसटला तर रॉकेट जळायला क्षण पुरतो, एवढं तिला ठाऊक होतं.

मालक दौलतराव म्हणाले, चार काढा, बाकीच्या पाठवा. सगळ्या एकाच घाण्यातल्या आहेत, बाकीच्यांचाही भरवसा नाही, असं ती म्हणाली. अखेर त्यांचा भाचा शरदचंद्र, जेमतेम दोन महिन्यांपूर्वी लागलेला, त्याने सही ठोकली. कुंदाची रवानगी पॅकिंगला झाली.

तिच्या हट्टापायी काम तीन दिवस अडलं, सगळ्यांचा ओव्हरटाइम बुडाला. प्रेसवरची वेणू दहा वर्षं तिच्याबरोबर जेवायची. ती डबा घेऊन दुसऱ्या टोकाला बसू लागली. संडासाच्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने 'रॉकेटबाई' लिहिलं.

उड्डाणाच्या दिवशी कँटीनमध्ये टीव्ही लावला. कुंदा दाराशी उभी राहून मनातल्या मनात देवाला विनवत होती. रॉकेट सरळ वर गेलं, उपग्रह जागेवर बसला. दौलतराव पेढ्यांचा पुडा घेऊन आधी तिच्याकडेच आले.

"घ्या, रॉकेटबाई. तुमच्या भेगेसकट पोचलं वर."

कँटीनभर हशा पिकला. तिने पेढा खाल्ला. तिला खरोखर आनंद झाला होता, डोळे भरून आले. लोकांना वाटलं, बाई ओशाळली.

पुढची ऑर्डर दुप्पट आली. शरदचंद्र पुण्याला नोकरीवर गेला होता, म्हणून कुंदाला पुन्हा टेबलावर बसवलं. या खेपेला पहिल्याच शंभरात अकरा भेगा निघाल्या.

"मागची गेली ना वर?" दौलतराव म्हणाले.

"मागची वाचली, साहेब. ही वाचेल असं मी कशाच्या जोरावर लिहू?"

दौलतरावांनी थंडपणे सांगितलं, सोमवारपासून येऊ नका.

जेवणाच्या सुट्टीत वेणू दुरावल्यापासून पहिल्यांदा तिच्या टेबलापाशी आली. "कुंदे, एका सहीनं तुजं काय जात व्हतं गं? आता खाशील काय?"

वेणू निघून गेली.

दीडशे नग तपासायचे राहिले होते. आता ते कुणी विचारणार नव्हतं. तिने चष्मा पुसला आणि भोंगा होईपर्यंत एकेक रिंग भिंगाखाली धरली, भेग दिसली तिथे तसं रजिस्टरात नोंदवलं. शेवटच्या ओळीखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, शाई वाळेपर्यंत थांबली आणि रजिस्टर मिटलं.