बटण, बाईसाहेब!

आमच्या ह्यांनी जन्मभर लोकांचे दात बनवले. म्हणजे कवळ्या. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून, नुसत्या साच्यावरून. आणि उरलेल्या प्लास्टरचे डोंगर केले! माडीवरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ह्यांची छोटी आगगाडी आहे. तिचे डोंगर, बोगदे, स्टेशनाची कौलं, सगळं कवळ्यांच्याच प्लास्टरचं. एकेक कौल दातांच्या हत्याराने कोरलेलं. मी चिडायचे, "माझ्या फळीला खिळा मारायला वेळ नाही आणि बोटाएवढ्या माणसाच्या घराला पन्हळ लावताय!" पण खरं सांगू? दार लोटून आत गेलं की माझं तोंड आपोआप बंद व्हायचं. असा हात मी दुसरा पाहिला नाही.

ती गाडी चालवायला दोन जुन्या लोखंडी पेट्या आहेत. प्रत्येकीवर वेगासाठी एक गोल खुंटी, आणि गाडी पुढे जायची की मागे ते ठरवणारं एक बटण. पुलाच्या अलीकडचे रूळ ह्यांच्या पेटीवर, पलीकडचे माझ्या. गाडी पुलावर आली की दोन्ही खुंट्या सारख्या हव्यात आणि दोन्ही बटणं एकाच बाजूला. नाहीतर गाडी जागच्या जागी थरथरते, बंद पडते आणि लाल दिवा लागतो. आता, मी गाडी ह्यांच्याकडे परत पाठवली की माझं बटण उलट राहतं, ते फिरवून ठेवायचं असतं. आणि ते विसरणारी कोण? मीच. लग्न झाल्यावर त्या स्टुलावर बसवलं तेव्हापासून विसरतेय. "बटण, बाईसाहेब, बटण!" हे ओरडायचे. शेजारणीची कितीतरी वर्षं समजूत होती की शर्टाच्या बटणांवरून हा माणूस बायकोवर खेकसतो.

मग ह्यांना झटका आला. उजवा हात अधू झाला आणि वाचा गेली. कळायचं सगळं, पण ओठांपाशी येऊन अडायचं. वाचा-उपचाराच्या बाई घरी यायच्या, कपाची, कंगव्याची चित्रं समोर धरायच्या. सुरुवातीला ह्यांनी घाम गाळून धडपड केली. पुढे पुढे चित्र दिसलं की डोळेच मिटून घ्यायला लागले. बाई जाताना दारात मला म्हणाल्या, "त्यांनी प्रयत्न सोडू नये, एवढंच बघा. सोडला तर अवघड आहे." बघा म्हणे! काय बघू, कपाळ? माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

अशात जावईबापू आले. स्वभावाने सोनं, पण उत्साह असा की मांजरालासुद्धा रिमोट बसवतील. म्हणाले, "आई, बाबांना एका हाताने दोन गोष्टी सांभाळता येत नाहीत ना? आपण सगळं नवीन करू. इंजिनात एक छोटी चिप बसते. मग फोनवरून सगळ्या गाड्या एकटे चालवतील. तुम्हाला माडी चढायला नको, गुडघेही वाचतील."

गुडघ्यांचं नाव काढल्यावर मी लगेच पाघळले. उगाच खोटं कशाला बोलू?

त्यांनी पेट्या बाजूला केल्या, आपलं नवीन यंत्र जोडलं आणि हिरव्या इंजिनात चिप बसवली. भिंग लावून, श्वास रोखून, ह्यांनी लावलेल्या रंगाचा टवकाही न उडवता. ह्यांनी ते बघितलं आणि डाव्या हाताने त्यांची पाठ थोपटली. कारागिराने कारागिराची थोपटावी तशी. मलाही बरं वाटलं.

फोन ह्यांच्या हातात दिला. गाडी निघाली, आणि काय सांगू, लोण्यासारखी! शिट्टीसुद्धा वाजली. पूल कधी आला, कधी गेला, कळलंही नाही. "बघा आई," जावईबापू म्हणाले, "आता तुमच्या बटणाची चूक होऊच शकत नाही."

हे बघत होते, फोनवर बोट फिरवत होते. चेहऱ्यावर हसू होतं. मी उठून खाली भाजी चिरायला गेले. किती वेळ चिरत होते कोण जाणे, वरून फक्त चाकांचा आवाज येत होता. एवढी सुरळीत गाडी त्या घरात कधी चालली नव्हती, आणि मला रडू फुटलं. कांदा नव्हता हो, दुधी होता.

पुन्हा वर गेले तेव्हा जावईबापू विचारत होते, "बाबा, मग बाकीचीही इंजिनं उघडू?" ह्यांनी काळ्या इंजिनावर हात ठेवला. ते ह्यांचं सगळ्यात जुनं. हात काही उचलेनात.

"बरं," जावईबापू मऊपणाने म्हणाले, "उघडायच्या आधी एकदा जुन्या पद्धतीने चालवून घ्या. मी पेट्या जोडतो."

ह्यांनी डावा हात खुंटीवर ठेवला. मी माझ्या स्टुलावर बसले. गाडी बोगद्यातून माझ्याकडे आली, मी ती परत पाठवली, आणि मग नुसती बघत राहिले. डाव्या हाताने खुंटी फिरवायची, तरी वळणावर गाडी अशी अलगद घ्यायची की डब्यांना कळूही नये. हा माणूस काय आहे, असं म्हणत मी बघतेय, तोवर गाडी वळसा घालून पुन्हा पुलावर. थरथरली. थांबली. लाल दिवा.

"बटण!"

मी सवयीने म्हटलं, "हो हो, फिरवतेय, ओरडू नका!" आणि हात तसाच राहिला. जावईबापूंच्या हातातला पेचकस खाली पडला. ह्यांचं तोंड उघडंच होतं, आपला आवाज कुठून आला ते शोधत असल्यासारखं.

अगं बाई! मी ह्यांच्या गळ्यातच पडले, जावयासमोर.

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, वर्षानुवर्षांच्या सवयीचे शब्द असे कधी कधी आपोआप निघतात. आनंद माना, पण स्वतः ठरवून बोलणं वेगळं, त्याला वेळ लागेल. मी म्हटलं, "लागू दे." चित्रांची चळत मात्र त्यांनी त्या दिवशी पिशवीतून काढलीच नाही. म्हणाल्या, "चला, मला तुमची गाडी दाखवा."

जावईबापूंना मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होते? पण मला बोलावंच लागलं नाही. त्यांनी आपलं यंत्र स्वतःच खोक्यात भरलं, हिरव्या इंजिनातली चिप काढली. वर माझ्या पेटीची वायर चिरलेली होती, ती बदलून दिली. मी म्हटलं, "तुमची मेहनत वाया गेली हो." तर म्हणतात, "आई, यंत्र माझं चांगलंच आहे. पण त्याला तुमच्यासारखं चुकता येत नाही." लेकीने माणूस पारखून घेतलाय, आता कबूल करते.

संध्याकाळी आम्ही दोघंच वर बसलो होतो. गाडी परत पाठवली. बटणाकडे बघितलं आणि तसंच राहू दिलं. गाडी पुलावर आली, थरथरली, थांबली. मी वाट बघतेय. हे काही ओरडेनात. लाल दिव्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओठ जुळवले, सुटले, पुन्हा जुळवले. कपाळावर घाम आला.

"मु... मुद्दाम," हे म्हणाले.

हा शब्द त्या खोलीत कधीच कुणी उच्चारला नव्हता. "हो, मुद्दाम," मी म्हटलं, आणि डोळे पुसून बटण फिरवलं.