गाठीतल्या गोळ्या

चैत्राची दुपार. सातपुड्याच्या पायथ्याशी पसरलेल्या धरणाच्या पाण्यावर वितळलेल्या कांस्यासारखे ऊन. काठावरचे मोह निष्पर्ण, मधुगंधी, मंद; आणि बुडालेल्या गावांची वठलेली झाडे पाण्यातून हात वर करून उभी.

या पाण्यावर नाव वल्हवी सायरी वळवी. एकतीस वर्षांची, श्यामवर्णा, रुंदस्कंधा. नवरा गेला तेव्हा त्याची वल्ही तिने उचलली, आणि अलीकडची माणसे पलीकडच्या बाजाराला पोहोचवू लागली. वारा समोरून असो की पाठीमागून, सायरीची नाव निघे ती निघेच.

मग तिच्या छातीत क्षय शिरला. साध्या औषधांना न जुमानणारा, हट्टी, निबर क्षय. खांदे झडले. गालांत सावल्या साचल्या. तिच्या नावेत बसायला लोक कचरू लागले, आणि नाव काठाला बांधून पडली.

पण क्षयाहून सायरी हट्टी होती. त्या चैत्रात सहा महिन्यांच्या नव्या गोळ्या पहिल्यांदा तळहातावर आल्या तेव्हा लढाईवर निघालेल्या सोबत्यांकडे पाहावे तसे तिने त्यांच्याकडे पाहिले.

त्यांतली एक बेडाक्विलिन. जंतूंचा जीव कोंडणारी, पण हृदयावर सावली टाकणारी. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी स्वतःला सावरते. ही गोळी तो सावरण्याचा काळ लांबवते. फार लांबला, तर लय अकस्मात विस्कटते आणि माणूस हाकही न मारता कोसळतो. म्हणून दर पंधरवड्याला सायरी तालुक्याच्या रुग्णालयात जाई, थंड तारांखाली निजे, आणि यंत्र गुलाबी चौकटींच्या कागदावर तिच्या काळजाची रेघ ओढी.

चार वेळा रेघ नीट आली. पाचव्या वेळी डॉक्टर वैजयंती कस्तुरे यांनी ती एकदा मोजली, चष्मा पुसून पुन्हा मोजली. सावरण्याचा काळ पाचशे बारा मिलिसेकंद. पाचशेच्या पुढे मृत्यूचा उंबरठा. गोळ्या या क्षणापासून बंद, त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच जड झाला.

दाराशी सायरीचा थोरला भाऊ दामजी उभा होता. जीप सांगून आलेला, डोळे तांबारलेला. आता पुरे, तो म्हणाला. छाती वाचवता वाचवता काळीजच जायचे. घरी चल, उरलेले दिवस आपल्या माणसांत काढ.

सायरी खाटेवरून हलली नाही. कृश देह, कोरडे ओठ, आणि डोळ्यांत जळता पळस.

“बाई, गोळ्या बंद केल्या तर रोग बंद होईल का?”

डॉक्टरांनी रेघेचा कागद खाली ठेवला. “नाही. पुन्हा उसळेल. आणि मग कदाचित या गोळ्यांनाही भिणार नाही.”

“मग मरायला मी घरी जाणार नाही. दोन महिने काळीज नीट चाललं. आत्ताच काय बिघडलं, ते शोधा.”

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. या गोळ्यांशिवाय आणखी काय घेता, त्यांनी विचारले. सायरीने पदराची गाठ सोडली. सुपारीचे खांड, देवाचा अंगारा, आणि चंदेरी कागदातल्या पाच पांढऱ्या गोळ्या.

ओकारीवरच्या होत्या त्या. हृदयाचा तोच काळ लांबवणाऱ्या. सावलीवर दुसरी सावली.

“मीच आणल्या,” दामजी म्हणाला. “बाजारातल्या दुकानातून, याच पंधरवड्यात. तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं.”

उंच, आडदांड दामजी भिंतीला टेकत टेकत खाली बसला. प्रेमानेच दिलेले विष, आणि तेही आपल्याच हाताने. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. हे पहिल्याच दिवशी बजावायला हवे होते, त्या म्हणाल्या; ही चूक माझी.

रक्त तपासले. ओकाऱ्यांनी त्यातले पोटॅशियम वाहून गेले होते, आणि त्याच्यावाचून काळीज तेल संपलेल्या दिव्यासारखे फडफडत होते. मग सलाईनच्या नळीतून थेंब थेंब क्षार उतरू लागले. पडद्यावर हिरवी रेघ धावू लागली. एक दिवस. दोन दिवस. तीन दिवस. दामजी उशाशी बसून राहिला, जेवेना.

तिसऱ्या दिवशी सायरीने त्याचे मनगट धरले.

“दादा, तू आणल्यास म्हणून दोन घास पोटात राहिले. आता ऊठ, जेव. मला अजून लढायचंय, आणि मला उपाशी भाऊ नको.”

तो जेवला. मान खाली घालून, अश्रूंसकट, भाकरीच्या शेवटच्या तुकड्यापर्यंत.

चौथ्या दिवशी रेघ आली: चारशे अठ्ठावन्न. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आता दर आठवड्याला रेघ, दर आठवड्याला रक्त. आणि न विचारता एकही परकी गोळी नाही. मळमळ आली, तिने दात आवळले. पाय बधिरले, तिने काठीवर भार दिला. क्षय तिच्या आत रोज थोडा थोडा हरत गेला, आणि ती रोज थोडी थोडी परतत गेली.

भाद्रपदात सहा महिने भरले; थुंकीची तपासणी निर्मळ आली, दुसऱ्यांदाही निर्मळ. डॉक्टरांनी कागद हाती दिला. वाचता न येणाऱ्या सायरीने तो उन्हात धरून खूप वेळ पाहिला.

दुसऱ्या दिवशी ती पाण्याच्या काठी आली. धरण तुडुंब, नीलगंभीर, वाऱ्याने विस्कटलेले. तिच्या बांधलेल्या नावेपाशी बाजारकरी घोळक्याने उभे होते, तिला ओळखून एक पाऊल मागे सरलेले. सायरीने कंबरेवर हात ठेवले, छाती भरून श्वास घेतला, आणि नाव निघाल्याची साद घातली. लांब, मोकळी, खोकल्याविना, उभ्या पाण्यावरून सरळ जाणारी. ती साद पलीकडच्या डोंगरावर आदळली, दरीत उतरली, दुसऱ्या डोंगरावर चढली. आणि एकामागून एक, एकामागून एक, सातपुड्याचे सारे कडे तिला ओ देत राहिले.