दाताचं निमित्त

कात्री दारू सोडायच्या मागे लागली आहे, हे कारखान्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. ती नोकरी सोडायच्या मागे लागली आहे, हे मात्र शिलाईच्या हॉलपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

कात्री हे नाव तिला जिभेमुळे नव्हे, हातामुळे पडलं होतं. त्या कारखान्यात गणवेश शिवले जात, शाळांचे, इस्पितळांचे, हॉटेलांचे, आणि त्यांचं कापड कापायच्या लांबलचक टेबलाशी ती उभी असे. कापडाचे थरावर थर पसरून वीतभर उंच गठ्ठा व्हायचा. वरच्या थरावर खडूची आखणी असायची. त्या रेषेवरून विजेवर चालणारं उभ्या पात्याचं मशीन हातानं ढकलत न्यायचं. उजव्या हातात मशीनची मूठ, डाव्या हातात पोलादी कड्यांचा हातमोजा, आणि कापड दाबून धरलेलं. रेषा चुकली तर एक बाही जात नाही, ढीगभर बाह्या जातात. कात्रीची रेषा चुकत नसे.

सुरुवातीला ती कामावरून घरी आल्यावर थोडी घ्यायची, पाठ मोकळी व्हावी म्हणून. पुढे पाठ सकाळीही दुखायला लागली. त्यानंतर पाण्याच्या बाटलीतून दुपारीही. तोंडात सतत पेपरमिंट. नवऱ्याला कळलं होतं, पण तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावून घरी येई आणि घरातलं ठळक अक्षर मात्र वाचायचं टाळी. एकदोनदा बोलला, तिनं उडवून लावलं, तो गप्प बसला.

तिला हलवलं ते लेकीनं. लेक लग्न होऊन लांबच्या शहरात गेली होती, आणि कात्री तिला रोज संध्याकाळी फोन करी. एका सकाळी लेकीचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग ती म्हणाली, "आई, यापुढे संध्याकाळी नको करत जाऊस फोन. सकाळी कर."

"का गं? कामात असतेस का?"

"नाही. काल तू जे सांगितलंस ते परवाही सांगितलं होतंस, आणि त्याच्या आदल्या दिवशीही. तुला आठवत नाही. मी हं हं करत बसते, आणि मग मला रात्रभर कसंतरी होत राहतं."

त्याच आठवड्यात कात्री व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात गेली. एकटीच गेली.

डॉक्टर तिच्याहून वयानं लहान होता, पण बोलणं धीराचं. त्यानं तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, "दारू थांबली की शरीर थयथयाट करतं, त्यासाठी या. यांनी सुस्ती येईल. गाडी चालवायची नाही, मशीनला हात लावायचा नाही. काम काय करता?"

कात्रीला वाटलं, खरं सांगितलं तर हा कारखान्यात कळवायला लावणार, आणि मशीन हातातून गेलं की मागे काय उरलं? ती म्हणाली, "ऑफिसात बसते. कागदपत्रांचं काम. उशिरा गेलं तरी चालतं."

"मग उत्तम. दारू सोडणाऱ्यांचा गट बसतो, रोज सकाळी त्याला यायचं. बोलायचं नसेल तर नुसतं बसा."

सकाळचा गट सुटायचा तेव्हा कारखान्याचा भोंगा होऊन गेलेला असायचा. ती धावतपळत पोहोचे, आणि कटिंग मास्तरांना सांगे की दाताचं काम चालू आहे. मास्तर म्हणजे त्या टेबलाचे प्रमुख. गळ्यात कायम टेप, चष्मा कपाळावर, बोलणं कापडासारखं मोजून. पहिल्या आठवड्यात त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "मगरीच्या तोंडातसुद्धा इतके दात नसतील."

दवाखान्याचं नवऱ्याला तिनं सांगितलं होतं, आणि मास्तरांच्याही कानावर सगळं घातलंय असंही. म्हणजे दवाखान्यात एक खोटं, कारखान्यात दुसरं, घरात तिसरं. कुठे काय बोललो ते लक्षात ठेवता ठेवता तिच्या पायाला भिंगरी लागल्यासारखं झालं. जेवायला बसली की मधेच उठे. बसमध्ये जागा मिळाली तरी उभी राही. गोळी घेतली की डोळ्यांवर झापड येई आणि टेबलाशी भीती वाटे, म्हणून कामाच्या दिवशी ती सकाळची गोळी गाळायला लागली. गाळली की हात थरथरत. कधी अर्धी घेई, कधी घेतच नसे. शरीरानं कोणाचं ऐकायचं, हे शरीरालाही कळेनासं झालं असेल.

इकडे लोकांनी आपापला हिशेब मांडला. सकाळी उशिरा येते, कपडे बरे घालते, फोन आला की बाहेर जाऊन बोलते. नक्की दुसरीकडे नोकरी बघतेय. ही बातमी वन्संपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही.

वन्सं म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. त्याच कारखान्यात, त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. कापलेले तुकडे उचलायचे, जुळवायचे आणि चिंधीनं बांधून बंडल करायचे, हे वन्संचं काम. कात्रीला इथं चिकटवली तीही त्यांनीच. तोंड फटकळ, पण एखाद्याची बाजू घेतली की शेवटपर्यंत सोडायच्या नाहीत.

एका दिवशी चहाच्या सुट्टीत मास्तरांनी कात्रीला कापडाच्या गोदामाशी बोलावून घेतलं.

"मला वरच्या मजल्यावर नेतायत," ते म्हणाले. "आखणीच्या विभागात. हे टेबल तुझ्याकडे द्यावं असं मी सांगितलंय."

 इतकी वर्षं जे मनात होतं ते आयतं समोर आलं होतं, आणि तिला पळून जावंसं वाटत होतं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "विचार कसला? तिकडे जास्त देतायत का? स्पष्ट सांग, कुठल्या कारखान्यात जातेस?"

"कुठेच नाही, मास्तर."

"बरं. दात आहेत, विसरलो," असं म्हणून ते निघून गेले.

ती टेबलाशी परतली. सकाळची गोळी तिनं त्या दिवशीही गाळली होती. हातमोजा चढवताना बोटं धड कड्यांत जाईनात. समोर इस्पितळाच्या अंगरख्यांचा गठ्ठा होता, निळं कापड, मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या जागेची, वळणं कापायची होती. पलीकडून वन्सं कापलेले भाग ओढून घेत होत्या आणि त्यांचं तोंड चालू होतं.

"मी तुला इथं लावून दिलं, वहिनी. हात धरून आणलं. आणि जाताना मला एका शब्दानं सांगायचं नाही? पहारेकऱ्यानं मला विचारावं, तुमची भावजय कुठे चालली म्हणून? मी काय सांगायचं, मला माहीत नाही?"

"नंतर बोलू, वन्सं."

"नंतर कधी? निरोपसमारंभाला?"

मशीन मुंढ्याच्या वळणाला आलं. तिथे मनगट हलकेच आत घ्यायचं असतं. कात्रीनं घेतलं असं तिला वाटलं. मनगट आलंच नाही. पातं वळण सोडून सरळ निघालं, खडूच्या रेषेबाहेर, दुसऱ्या तुकड्यात, आणि त्याच्या पुढे टेबलाच्या कडेला कापडावर वन्संची बोटं टेकलेली होती. मोजा नसलेली. लग्नातली अंगठी घातलेली, जाडसर, ओळखीची बोटं. कात्रीला ती दिसत होती आणि तरी पुढे ढकलणारा हात दुसऱ्याच कोणाचा असावा तसा तो ढकलत होता. मग तिनं मूठ सोडली आणि दुसऱ्या हातानं बटण मारलं.

मशीन थांबलं. पातं आणि बोटं यांच्यात जेमतेम एक खडू आडवा मावला असता.

वन्संना काही कळलंही नव्हतं. त्या बंडल बांधत म्हणत होत्या, "...आणि माझा भाऊ तरी कसा, त्यानंही सांगू नये?"

कोणीही पाहिलं नव्हतं. गठ्ठा बिघडला होता, पण कापड सरकलं असं म्हटलं असतं तर कात्रीच्या शब्दावर कोणी शंका घेतली नसती. तिनं मोजा काढला.  ती मास्तरांकडे चालत गेली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "मास्तर, मी दुसरीकडे जात नाहीये. मी दारू सोडायच्या दवाखान्यात जाते."

मास्तरांनी विचारलं, "आणि दात?"

"दात धड आहेत."

"आज घेतलीयस?"

"नाही. दवाखाना सुरू झाल्यापासून थेंब नाही. पण हात थरथरतात. आत्ता मशीन रेषेबाहेर गेलं. वन्संचा हात थोडक्यात वाचला." मग जे राहिलं होतं तेही ती बोलून गेली. "डॉक्टरांनी मशीनला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

मास्तरांचा चेहरा तेव्हा बदलला. "दारूचं मी समजून घेतलं असतं," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या सख्ख्या भावाला स्मशानात पोहोचवून आलोय मी त्यापायी. पण माझ्या टेबलावर, माझ्या माणसांच्या हातांशी तू हा खेळ केलास. मोजा ठेव इथं आणि घरी जा."

"उद्या येऊ?"

"घरी जा म्हटलं ना."

भर दुपारी ती रस्त्यावर आली. या वेळेचा रस्ता तिच्या ओळखीचा नव्हता. घराच्या बाजूला वळायचं ते तिचे पाय दारूच्या दुकानाच्या बाजूला वळले. ती दुकानावरून पुढे गेली, कोपऱ्यावरून मागे फिरली, पुन्हा पुढे गेली. आता नोकरी गेलीच आहे, मग कोणासाठी आवरायचं, असं मन म्हणत होतं, आणि मनाचं म्हणणं अगदी बिनतोड वाटत होतं. समोर चपलांचं दुकान होतं. ती त्यात घुसली. एक जोड मागितला, मग दुसरा, मग वरच्या फळीवरचा. विक्रेता बिचारा शिडी चढत उतरत होता. पायांत काहीतरी घालत आणि काढत असेपर्यंत पाय रस्ता ओलांडणार नाहीत, एवढंच तिला समजत होतं.

शेवटी विक्रेता म्हणाला, "बाई, तुम्हाला नक्की जायचंय कुठे? त्याप्रमाणे दाखवतो."

त्या साध्या प्रश्नानं तिला रडू आलं. तिनं आपल्या जुन्या चपला घातल्या आणि दवाखान्याचा रस्ता धरला.

डॉक्टर डबा खात होता. तिनं दारातूनच सांगितलं, "मी ऑफिसात नाही. कापड कापायच्या मशीनवर आहे."

त्यानं घास खाली ठेवला. सगळं ऐकून घेतलं. रागावला, पण आवाज चढवला नाही. "हे आधी सांगितलं असतं तर सुरुवातीला रजेवर ठेवलं असतं, गोळ्या त्या बेतानं दिल्या असत्या. मनाला येईल तशी गोळी गाळणं तर जिवावर बेतू शकतं. आणि सकाळी कशाला धावत होता? संध्याकाळचा गट आहे की."

"संध्याकाळी असतो?"

"कामावर जाणाऱ्यांसाठीच असतो. ऑफिसात उशिरा गेलेलं चालतं, असं तुम्हीच म्हणाला होता."

ती खुर्चीत बसली आणि हसायलाच लागली. हसणं थांबवता येईना. डॉक्टरनं तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

घरी गेल्यावर तिनं नवऱ्यालाही सांगितलं, की मास्तरांना आजपर्यंत काहीच ठाऊक नव्हतं. तो बराच वेळ हातातला रुमाल घडी करत आणि उलगडत राहिला. "मला एक तरी गोष्ट खरी सांगत जा," तो म्हणाला. "कुठलीही चालेल." मग उठून त्यानं पहिल्यांदाच विचारलं, गोळ्या कुठे ठेवतेस, कोणती कधी घ्यायची.

दुसऱ्या दिवशी बोलावणं नसताना ती कारखान्यात गेली. मास्तरांनी तिला फाटकाशीच गाठलं. ते वरच्यांशी बोलले होते. डॉक्टर सांगतील तेवढी रजा. नंतर नोकरी राहील, पण डॉक्टर आणि मास्तर दोघंही हो म्हणेपर्यंत पात्याजवळ जायचं नाही. तोवर बंडलं बांधायची. टेबल कुरळ्याकडे जाणार. कुरळ्या तिच्या हाताखाली शिकलेला होता.

"आणि तुझ्या नणंदेला मी काही सांगितलेलं नाही," मास्तर म्हणाले. "ते तुझं तू बघ."

तिनं त्याच दिवशी वन्संच्या घरी जाऊन सांगितलं. दारूचं, गोळ्यांचं आणि पात्याचं. वन्सं ऐकताना आपली बोटं दुसऱ्या हातात धरून बसल्या होत्या. "जा तू आता," एवढंच म्हणाल्या.

रजा संपवून ती परतली तेव्हा दोघींना एकाच टोकाला, खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागलं. वन्सं बोलत नसत. ज्या बाईच्या तोंडाला खीळ नव्हती तिचं हे गप्प बसणं कात्रीला पात्यापेक्षा जड गेलं. कुरळ्याही तिला काम सांगताना अवघडून छताकडे बघायचा. पहिल्या महिन्यात ती एका सुट्टीच्या दिवशी प्यायली. दुसऱ्या दिवशी आधी डॉक्टरला सांगितलं, मग मास्तरांना. मास्तर म्हणाले, "म्हणजे पातं आणखी लांब गेलं." 

एका सकाळी वन्संनी तिच्या हातातलं बंडल हिसकावून घेतलं. "ही काय गाठ झाली? माणूस सोडवणार कधी आणि शिवणार कधी?" असं म्हणत त्यांनी ती सोडली, पुन्हा मारली, आणि मग दुपारपर्यंत त्यांचं बोलणं थांबलं नाही. शेजारणीच्या सुनेपासून कारखान्यातल्या चहापर्यंत सगळ्यांची उणीदुणी निघाली. कात्री हं हं करत राहिली.

टेबल तिला अजून मिळालेलं नाही. हल्ली डॉक्टरनं होकार दिलाय, आणि मास्तर रोज थोडा वेळ, खाली येऊन स्वतः शेजारी उभे राहून, तिला खिशांचे तुकडे कापू देतात. खिसे सरळ असतात, वळण नसतं. परवा मोठी ऑर्डर आली तेव्हा कुरळ्यानं सगळ्यांना जास्त वेळ थांबायला सांगितलं. कात्रीनं चिंध्या गोळा केल्या, हात धुतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला जमणार नाही. आज माझा दारूचा दवाखाना आहे."

 कुरळ्या या वेळी छताकडे न बघता म्हणाला, "बरं, मावशी. उद्या लवकर या मग."

बस गर्दीत अडकून पडली होती. तिला बसवेना. ती मधेच उतरली आणि चालायला लागली, चालता चालता जवळजवळ धावायलाच. पोहोचली तेव्हा गट सुरू झाला होता, कोणीतरी बोलत होतं. दाराजवळची खुर्ची रिकामी होती. तिथे बसून ती धाप ओसरायची वाट बघत राहिली.