कानबाईच्या रविवारची फायनल

बिऱ्हाडे सर दारात उभे राहिले तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी घोळ झालाय. एरवी हा माणूस सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या गल्लीत शिरायचा तो पोरींच्या नावानं हाका मारतच. आज गुपचूप चपला काढून उंबऱ्याशी बसले.

"कमलताई, चूक झाली. कबड्डीची फायनल येत्या रविवारी आहे. वलसाडला."

माझ्या हातातलं गव्हाचं सूपच खाली आलं. येता रविवार म्हणजे कानबाई! नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशी घरांत कानबाई देवी बसते, नैवेद्याला गव्हाचे जाडजूड रोट होतात. तिच्यापुढचा दिवा विझू द्यायचा नाही, आणि त्याला एकटं सोडून घराबाहेर पडायचं नाही. हे का मी यांना सांगायचं? धुळ्याकडचा माणूस!

"अहो सर, दरवर्षी तुम्हीच तर आमची कानबाई बघून तारखा घेता. यंदा काय झालं?"

"ऑफिसातलं कॅलेंडर बघूनच हो म्हणालो," सर खाली मान घालून म्हणाले. "त्यात नागपंचमी अजून पंधरा दिवसांनी आहे."

गुजराती कॅलेंडर! त्यांची नागपंचमी श्रावण वद्यातली, आपली शुद्धातली. सुरतेत जन्म गेला आणि माणूस भिंतीवरच्या कागदाला फसला. मला हसू आलं आणि रागही आला, आधी राग.

"बदला मग तारीख!"

"वलसाडवाले नाही म्हणतात. आणि ताई, यंदा मी रिटायर होतोय. प्रिन्सिपलसाहेबांनी स्पष्ट सांगितलंय, कप आला तर मुलींची टीम राहील. नाहीतर माझ्याबरोबर तीही बंद."

ही टीम म्हणजे या माणसाची उभी नोकरी हो. सर कॉलेजात स्पोर्ट्सला लागले तेव्हा आमच्या पोरी कबड्डी खेळतात म्हटलं तर लोक हसायचे. सर घरोघर फिरले, शिव्या खाल्ल्या, बापांचे चहा प्यायले. शेवटी म्हणाले, पोरीवर विश्वास नसेल तर आईनं सोबत यावं. तेव्हापासून टीमबरोबर एक आई जातेच. बाईमाणूस सोबत नसेल तर कॉलेज पोरींना गावाबाहेर सोडतच नाही. गेली काही वर्षं ती आई म्हणजे मी, कॅप्टन वर्षाची आई. प्लेगच्या साली सगळं सुरत पळालं, तेव्हाही पोरी गावाहून परतल्यावर सरांनी पहिली प्रॅक्टिस घेतली ती याच गल्लीत.

"बाकीच्या घरांत सासवा-जावा आहेत, दिवा बघतील," मी म्हटलं. "माझ्या घरी कोण? वर्षाचे पप्पा कापडाच्या प्रोसेस मिलमध्ये, रविवारीही पाळी. धुडकू भाऊजी भेस्तानहून येणार ते संध्याकाळी, आरतीला."

सर म्हणाले, "दिव्यापाशी मी बसतो."

"तुम्ही? आणि टीम?"

"टीम तुम्ही बघा. चूक माझी आहे, ताई. मी बौद्ध माणूस, कानबाईला हात जोडणार नाही. पण वातीला तेल घालणं मला येतं." आणि गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

माझ्या तर डोळ्यांत टचकन पाणी आलं. आयुष्यभर ज्या फायनलची वाट बघितली ती सोडून हा माणूस माझ्या घरात बसणार!

रविवारी पहाटेच मी रोट करून झाकले, कानबाई बसवली, दिवा लावला. सर पांढरा शर्ट घालून आले आणि पाटाशेजारी मांडी घालून बसले. "तेल कपाटाखाली आहे," मी सांगितलं. "पंखा लावू नका." आणि आम्ही निघालो.

वलसाडच्या पोरी म्हणजे एकेक धटिंगण! अर्ध्या खेळापर्यंत आमची दाणादाण उडाली. वर्षाचं ढोपर फुटलं, प्रज्ञा रडायला लागली. मी उठले ती बाकावर उभीच राहिले.

"काय रडी ऱ्हायन्यात व? तिकडे तो माणूस उकाड्यात पंखा बंद करून बसलाय! तिना पाय धरा, सोडू नका!"

अहिराणी पंचांना कळेना, समोरच्यांना तर मुळीच कळेना. सरांनी पोरींना तेच शिकवलं होतं, डाव सांगायचा तो घरच्या बोलीत. मी ओरडत गेले, पोरी धरत गेल्या. अंतर मिटलं. शेवटच्या चढाईला त्यांची सगळ्यात दांडगी पोरगी आत आली आणि प्रज्ञानं तिचा घोटा असा धरला की बाई, धरलाच! वर्षा वरून पडली, मग सगळ्याच पडल्या. पंचांची शिट्टी वाजली. जिंकलो! मी बाकावरून उडी मारली ती चप्पल तिथंच राहिली.

घरी आलो तर सर घामानं चिंब भिजून तसेच बसलेले. दिवा जळत होता. कोण जिंकलं ते विचारायची हिंमत त्यांना होईना. वर्षानं कप त्यांच्या मांडीवर ठेवला, तेव्हा मात्र हा कडक माणूस लहान पोरासारखा रडला.

आरती झाली. मी सगळ्यांत आधी सरांचं ताट वाढायला घेतलं, तर धुडकू भाऊजींनी माझा हात धरला. "वहिनी, रोट भाऊबंदांचा. बाहेरच्याला देत नाहीत."

"दिवसभर तुमच्या कुळाचा दिवा राखला तो बाहेरचा, आणि आयत्या वेळी जेवायला आलात ते तेवढे घरचे? सोडा हात!"

भाऊजींनी हात सोडला. दिव्याकडे बघितलं, सरांच्या भिजलेल्या शर्टाकडे बघितलं, आणि स्वतःच्या शेजारचा पाट सरकवून म्हणाले, "या सर, इथं बसा."

"मी प्रसाद म्हणून नाही हं खाणार," सर म्हणाले.

"भूक लागली म्हणून खा," मी म्हटलं, आणि रोटावर तुपाची धार सोडली.

जेवण झाल्यावर मी शिट्टी परत द्यायला गेले. सरांनी माझी मूठ मिटवली. "राहू द्या तुमच्याकडेच. पुढच्या वर्षीही टीम आहे, ताई. फक्त तारीख घेताना कॅलेंडर आपलं बघा."