एका ओळीपुरती साक्ष

इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत माझ्या वाट्याला ‘वॉर्न’, म्हणजे सावध करणं, हे क्रियापद आलं, तेव्हा विल्फला जाऊन तीन आठवडे झाले होते. विल्फ माझा धाकटा भाऊ. डरहॅमकडच्या कोळशाच्या खाणीत गॅसचा भडका उडाला, आणि चौकशीत ठरलं की चूक त्याचीच. मला रडू येत नव्हतं. मी चिठ्ठ्या लावत होते.

आमच्याकडे प्रत्येक अर्थाला साक्ष लागते. कुणीतरी लिहिलेलं वाक्य, तारखेसकट चिठ्ठीवर उतरवलेलं. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा एक अर्थ ‘स्वतः जपून राहणं’ असाही होता. तो अर्थ पुढे मेला, असं आमच्या टिपणात होतं. खाणीचा वकील चौकशीत तेच तर म्हणाला, “त्यानं स्वतः जपायला हवं होतं.” म्हणजे मेला कुठे?

चौकशी संपल्यावर विल्फच्या घरमालकिणीला त्याच्या कोटात मला लिहिलेलं पत्र सापडलं. ‘मी रज साहेबांना तिसऱ्या थरातल्या गॅसबद्दल तीनदा सावध केलं, ते हसले.’ रज म्हणजे खाणीचा मॅनेजर. मी पत्राची नक्कल चौकशी अधिकाऱ्यांकडे पाठवली. ‘प्रकरण मिटलं आहे,’ असं उत्तर आलं. म्हणून ते वाक्य मी चिठ्ठीवर उतरवलं. एकदा कोशात छापलं की कुणाच्या बापाला पुसता येणार नाही.

समोरच्या मिस पिमनं मान लांब करून वाचलं. “अगं बाई, खाणीतल्या पोराला थोर कवींच्या पंगतीला बसवतेस होय? साहेब फाडून टाकतील.”

संपादक गारसाइड साहेबांनी फाडली नाही.

“आजच्या काळाची साक्ष नव्हतीच आपल्याकडे. घेऊ या. पण एकच ओळ हं, मिस ओल्डरॉइड. अर्थाला लागत नाही ते गाळा.”

“कुणाला सावध केलं, तेवढं राहू दे ना, साहेब.”

“कुणाला का करेना! अर्थ बदलतो का त्यानं?”

नाही बदलत. अकरा वर्षं मी हेच काम करत होते, दुसऱ्यांच्या वाक्यांवर लाल शाई फिरवताना हात कधी अडखळला नव्हता. आताही अडखळला नाही. आधी गॅस गेला. मग तिसरा थर, मग ते हसणं, मग रज. लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी नियमाप्रमाणे ‘खाजगी पत्र’ लिहिलं.

उरलं एवढंच: ‘मी त्यांना तीनदा सावध केलं.’

साहेबांनी चिठ्ठी चष्म्याजवळ धरली. “छान. अगदी नेमकं झालं.”

मी त्यांचे आभार मानले.